दोन मीटरचं घर

प्लग दोन होते आणि मीटरही दोन होते. पण ही दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात यायला दुपार व्हावी लागली.

रविवारी सकाळी सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. खाली राहणारे काका, काकू आणि त्यांचा मुलगा टिल्लू. दारातून आत येताना टिल्लूला मान वाकवावी लागत असे, तरी लहानपणीचं नाव काही त्याला सोडत नव्हतं. वरून आले काकांचे धाकटे भाऊ अप्पा, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी. मुलीला घरात सगळे, तिची आईसुद्धा, ताईच म्हणत. दोन बॅगा घेऊन ती नवऱ्याच्या घरून परत आली तेव्हा ज्याला जे बोलायचं होतं ते त्यानं बोलून घेतलं होतं. आता तिच्या कामाचं बोलायचं होतं.

ताई दुभाषी होती. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं डॉक्टरकडे जात, तेव्हा डॉक्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर ताई दिसे. डॉक्टर बोले ते ती हातांनी सांगायची आणि पेशंटचे हात बोलत ते डॉक्टरला तोंडानं सांगायची. हे सगळं वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून चाले. गेल्या आठवड्यात डॉक्टरनं एका बाईला सांगितलं की ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. ताईनं तसं सांगितलं. पण खुणांच्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि तो यायच्या आतच चित्र थिजलं. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची’ एवढंच त्या बाईपर्यंत पोचलं. ती मान डोलावून निघालीसुद्धा. नर्सला शंका आली म्हणून बरं.

“सोमवारी दहा वाजता साहेब पूर्ण वेळ बसून बघणार आहेत,” ताई म्हणाली. “एकदा जरी चित्र थांबलं, तरी घरून काम बंद. मग शहरातल्या ऑफिसात जाऊन बसायचं. तिथे खुर्ची ठेवलीय म्हणाले.”

“म्हणजे इथून जायचं?” काकूंनी विचारलं.

“रोज येऊन-जाऊन होणार नाही. तिथेच राहावं लागेल.”

“अगंबाई,” काकू म्हणाल्या आणि जावेकडे बघितलं. जाऊ, म्हणजे ताईची आई, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

इंटरनेट खाली काकांकडे येत असे. रस्त्यावरच्या खांबावरच्या डब्यात एकच जागा उरली होती, ती काकांनी घेतली; आता नवा डबा बसेपर्यंत वर वेगळी लाइन मिळणार नव्हती. राउटर हॉलच्या एका टोकाला खिडकीशी होता. वरपर्यंत त्याचा जोर पोचत नसे, कारण मधला स्लॅब काकांनी स्वतः उभं राहून घालून घेतला होता आणि त्यात लोखंड घालताना हात आखडला नव्हता.

“म्हणून हे,” टिल्लू म्हणाला आणि त्यानं खोक्यातून साबणाच्या वडीएवढे दोन पांढरे प्लग काढून टेबलावर ठेवले. तो मोबाइलच्या दुकानात कामाला होता. “एक इथे राउटरजवळ खोचायचा. एक वर ताईच्या टेबलाशी. विजेच्या वायरी भिंतीत आहेतच, त्यांच्यातूनच इंटरनेट वर जातं. भोक नाही, धूळ नाही, कशालाच हात लावायचा नाही.”

“विजेच्या वायरीतून?” काकू म्हणाल्या. “मग मी मिक्सर लावला की चटणीत बातम्या येतील का रे?”

“आई, प्लीज.”

“नाही, विचारून ठेवलेलं बरं.”

‘कशालाच हात लावायचा नाही’ असं टिल्लू म्हणाला तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच जागी गेले आणि लगेच दुसरीकडे वळले. ती हॉलची लांब भिंत होती. काका जन्मभर गिलाव्याचं काम करत आले होते. लोकांच्या घरांच्या भिंती केल्या, आणि ही एक स्वतःसाठी केली. गिऱ्हाईक आलं की ते म्हणत, “हात फिरवून बघा.” या भिंतीवर खिळा नव्हता. घड्याळ कपाटावर उभं होतं आणि कॅलेंडर दाराच्या मागे लटकत होतं. राउटर भिंतीच्या त्या टोकाला आणि जिना या टोकाला. कायमची वायर न्यायची तर ही सगळी भिंत ओलांडूनच न्यावी लागणार होती. म्हणून ‘वायर’ हा शब्द सकाळपासून कुणी काढलाच नव्हता.

काका आपल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. डोळे कसे जातात आणि कसे वळतात हे त्यांना नीट दिसत होतं. काल संध्याकाळी एकटे असताना त्यांनी भिंतीवर बोट फिरवून वायर गाडायची झिरी कुठून मारावी लागेल ते मनाशी ठरवूनही ठेवलं होतं: छताच्या वीतभर खालून, सरळ, आणि जिन्याच्या कोपऱ्यातून वर. आता कुणीतरी विचारायचं तेवढं राहिलं होतं. पण कुणी विचारेना. आणि न विचारता आपण होऊन म्हणावं, असा त्यांचा स्वभाव नव्हता.

“लाव बाबा तुझे प्लग,” ते म्हणाले.

टिल्लूनं एक प्लग खाली लावला, एक वर लावला. खालच्यावर लाल दिवा लागला. वरच्यावरही लाल. त्यानं दोन्ही प्लग खाली आणून शेजारी शेजारी लावले तर दोन्ही हिरवे. दोन्ही वर नेले तरी हिरवे. एक वर, एक खाली केला की पुन्हा लाल. असे त्यानं जिन्यात कितीतरी फेरे मारले. मान वाकवून वाकवून शेवटी त्याचं डोकं चौकटीवर आपटलंच.

“एकत्र असले की गोडीगुलाबी, मजले वेगळे केले की तोंड फिरवून बसतात,” काकू म्हणाल्या. “घराचा गुण आहे.”

अप्पा पुस्तकं बांधायचं काम करत. स्वभावानं ते इतके हळू होते की त्यांचं बोलणं दुसऱ्यांदा विचारूनच घ्यावं लागे. ते खिडकीतून बाहेर बघत काहीतरी म्हणाले.

“काय म्हणालात?” ताईनं विचारलं.

“मीटर,” अप्पा म्हणाले. “आपले मीटर वेगळे आहेत.”

टिल्लू जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. “म्हणजे खालच्या वायरी आणि वरच्या वायरी घरात कुठेच जोडलेल्या नाहीत?”

“बाबा गेल्यावर तोडून घेतल्या,” काका म्हणाले. “म्हणजे, भांडण वगैरे काही झालं नव्हतं.”

“नाही नाही,” अप्पा म्हणाले. “भांडण नव्हतं. फक्त मीटर वेगळं केलं.”

“आणि जिन्यातला दिवा?” काकू म्हणाल्या. “तो कुणाच्या मीटरवर, यावर दोघं भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलले नव्हते. तेही भांडण नव्हतं. शेवटी दोन दिवे लावले. एवढासा जिना, दोन दिवे, दोन बटणं. पाहुण्यांना वाटतं आपल्याकडे पैसा उतू चाललाय.”

टिल्लू उठून उभा राहिला. “जिन्याच्या पायथ्याशी त्यातला एक दिवा वरच्या मीटरवरचा ना?”

खरोखरच एक वरचा होता. दोन्ही दिवे एकाच खुंटीवर शेजारी शेजारी लटकत होते. टिल्लूनं वरच्या मीटरचा बल्ब काढून होल्डरमध्ये बसतं तसलं सॉकेट लावलं, त्यात एक पांढरी वडी खोचली, राउटरपासून एक वायर जमिनीवरून हॉलच्या दाराबाहेर आणली, आणि वर ताईच्या टेबलाशी दुसरी वडी लावली. दोन्हींवर हिरवा दिवा लागला. दार लावता येत नव्हतं आणि वायरीत पाय अडकत होता, पण ते नंतर बघता आलं असतं.

सगळे वर गेले. ताईनं फोन लावून चौकातल्या बेकरीवाल्याला पडद्यावर बोलावलं. त्याला ऐकू येत नसे. भट्टीसमोर उभा राहून तो हातांनी ताईशी भांडल्यासारखा गप्पा मारू लागला. त्याचा एकेक हातवारा लख्ख दिसत होता. टिल्लूला तिथल्या तिथे चहा मिळाला, आणि काकूंनी त्याच्या डोक्याच्या टेंगळावर बर्फ धरला.

चहा निम्मा झाला असेल, तोच बेकरीवाला थिजला. एक हात हवेत, तोंड उघडं.

“मोटर,” ताई म्हणाली. स्वयंपाकघरात घरघर सुरू झाली होती. टाकी वरच्यांची, म्हणून पाण्याची मोटरही वरच्या मीटरवर.

“अगं, मी लावली,” आईनं तिथूनच सांगितलं. “पाणी चढवायची वेळ झाली ना.”

मोटर बंद केल्यावर बेकरीवाला पुन्हा हलू लागला. टिल्लूनं समजावलं की मोटर लागली की वायरींत कोलाहल होतो आणि त्यात इंटरनेटचं बोलणं बुडून जातं. मग ठरलं की आत्ता टाकी काठोकाठ भरून घ्यायची आणि ताईचं काम चालू असेपर्यंत मोटरीला हात लावायचा नाही. अप्पांनी बटणाशेजारी कागद चिकटवला: ‘काम चालू असताना नाही.’ अक्षर सुरेख होतं. सगळ्यांना ते पटलं. आईनंही मान हलवली.

टाकी भरली. पुन्हा एकदा बघायचं म्हणून ताई कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत जाऊन बसली.

आई स्वयंपाकघरात एकटीच होती. तिथून मधल्या दारातून ताईची पाठ दिसत होती. वरच्या अंगात इस्त्रीचा सदरा; खाली घरातला विटका पायजमा आणि स्लिपर. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं, म्हणून तेवढंच तिनं सांभाळलं होतं. पुढचे केस विंचरलेले, मागचा गुंता तसाच. चौकापलीकडे ती एकटी फारशी जात नसे. घरी आली तेव्हा आईनंच तिला म्हटलं होतं, राहा इथे, घाई नाही. आता घाई नाही म्हणणारे सगळेच झाले होते.

आईला लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली होती, दुसऱ्या गावात. घरचे म्हणाले, अशी नोकरी इथेही मिळेल, थांब जरा. ती थांबली. तशी नोकरी इथे मिळाली नाही. यात कुणाचं चुकलं असं ती कधी म्हणाली नव्हती, आणि आत्ताही ते तिच्या मनात फार वेळ राहिलं नाही. तिनं अप्पांचा कागद वाचला आणि बटण खाली केलं.

आतून ताईचा आवाज आला, “गेलं! परत गेलं!”

काका मागच्या अंगणात हात धूत होते. वरून धो धो पाणी पडायला लागलं. भरलेल्या टाकीत पाणी चढत होतं आणि जादा पाइपातून खाली ओतत होतं. त्यांनी वर बघितलं. मग ते सावकाश जिना चढले आणि स्वयंपाकघरात आले. मोटर आता बंद होती. आई कागदाकडे पाठ करून उभी होती.

“टाकी भरलेली होती,” काका म्हणाले.

“हो, दादा.”

“विसरून लागली का?”

हो म्हणणं सोपं होतं. “नाही,” ती म्हणाली. “तिला जाऊ दे असं वाटतं मला. त्या ऑफिसात. इथे राहिली तर त्या खोलीतच राहील.”

“मग तिला सांग की.”

“कसं सांगू? आईच घालवतेय असं वाटेल तिला.”

“आणि मोटरनं घालवलं तर बरं वाटेल?” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गिलावा नीट बसला नाही हे मजुराला सांगावं तसं ते बोलले. “मी कुणाला काही सांगणार नाही. पण ती बिचारी उद्या डॉक्टरसमोर बसणार. तिथे पेशंट असतो.”

आईनं मान खाली घातली. पेशंटचा विचार तिनं केला नव्हता. उद्या मोटर लावायचं तिनं ठरवलं होतं की नव्हतं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

खाली हॉलमध्ये पुन्हा सगळे जमले. टिल्लू हिरमुसून वड्या खोक्यात भरत होता. “आपली मोटर तर कुणी लावली नसणार, कागद चिकटवलाय. शेजारच्यांची असेल. यावर भरवसा नाही ठेवता येणार ताई, सॉरी.”

“वायर टाकू,” काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. अप्पा म्हणाले, “दादा, पण तुझी भिंत…”

“मला कुणी विचारलं?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“मग नाही म्हणालो असतो! पण विचारायचं तरी.” काका आता खरोखरच चिडले होते. “सकाळपासून प्लग काय, दिवे काय, पोराचं टाळकं फुटलं. भिंत माझी आहे, तिला तोंड नाही, पण मला आहे ना?”

“खिळे ठोकून वरून वरून नेऊ,” टिल्लू घाईनं म्हणाला. “भिंत फोडायला नको.”

“या भिंतीत खिळे? त्यापेक्षा झिरी मारतो. माझी मी मारीन, माझी मी बुजवीन.”

“चला,” काकू म्हणाल्या, “मग जाता जाता घड्याळाला एक खिळा—”

“नाही.”

ताई हसली. त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली असावी. तेवढ्यात आई म्हणाली, “वायर नको.”

आईनं ओढणीचं टोक सोडलं. “मोटर मी लावली होती. मघाची, दुसऱ्यांदा. मुद्दाम लावली.”

“का?” अप्पांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“ती जावी म्हणून. एकदा भिंतीत वायर गेली की ही इथेच. आपण सगळे म्हणू, बघ तुझ्यासाठी भिंत फोडली. आणि ती राहील. काम चांगलं आहे म्हणून नाही, भिंत फोडली म्हणून राहील.”

काकू चटकन म्हणाल्या, “असं कोण म्हणेल गं?”

“तुम्हीच म्हणाल, वहिनी.”



ताई आईकडे वळली. रागावली की ती बोलायच्या आधी बोटं मोकळी करत असे, तशी तिनं केली. “मला विचारायचंस ना आई. आज या घरात कुणीच कुणाला काही विचारायचं नाही असं ठरलंय का?”

“विचारते. तुला काय हवंय?”

“मी आले ती घाबरूनच आले. ते खोटं नाही. त्या खोलीत बसते तीही थोडी घाबरूनच.” ती थांबली. “पण ऑफिसात गेले तर दिवसभर पडद्यावरचीच माणसं. इथे बेकरीवाला आहे. तो मला बँकेत नेतो, त्याच्या पोरीच्या शाळेत नेतो. परवा त्याच्या सासूशी त्याचं भांडण मीच केलं, दोन्ही बाजूंनी. असं तिथे कोण करू देणार? मला आत्ता राहायचंय. कायमचं म्हणत नाही.”

“आत्ता,” आई म्हणाली.

“आत्ता.”

काका उठले होते. कोपऱ्यातल्या सामानातून त्यांनी हातोडा, छिन्नी आणि पांढऱ्या पाइपाचे तुकडे काढले. “वायर नुसती गाडायची नाही,” ते आईला म्हणाले; बाकी कुणाला नाही. “आधी पाइप टाकतो. वायर पाइपातून जाते. उद्या नको झाली तर वरून धरून ओढली की सगळी बाहेर येते. भिंतीला कळतसुद्धा नाही.”

“खरंच येते?”

“ओढून दाखवीन.”

दुपारभर ठोकाठोक चालली. पहिला घाव घालताना काकांनी डोळे बारीक केले. नंतर ते नेहमीच्या कामाला लागल्यासारखे लागले. अप्पा जिन्यात उभे राहून पाइप धरत होते, आणि त्या दोघांचं बोलणं ‘वर घे’, ‘खाली घे’, ‘जरा धर’ एवढंच होतं. पण ते शेवटपर्यंत चाललं. संध्याकाळी वायर गेली. आईनं ती वरून हातभर ओढून बघितली, सुरळीत आली; मग तिनं तीच परत आत ढकलली. झिरी ओल्या सिमेंटनं बुजली आणि भिंतीवर छतालगत एक काळपट पट्टा राहिला.

सोमवारचं फार सांगण्यासारखं नाही. साहेब पूर्ण वेळ बसले. पेशंट म्हातारा होता आणि एकच गोष्ट तीनतीनदा विचारत होता. मध्येच आईला पाणी लागलं म्हणून तिनं ताईला दारातून खूण करून विचारलं, आणि मोटर लावली. चित्र थांबलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, घरूनच चालू ठेवा; तिकडची खुर्ची आहे, कधी वाटलं तर सांगा.

नंतर आई ओलं फडकं घेऊन खाली आली. हॉलभर सिमेंटची धूळ होती आणि काकू एकट्याच पुसत होत्या. दोघी जावा शेजारी शेजारी बसून फरशी पुसू लागल्या. पाणी दोनदा बदललं तरी गढूळच होत होतं.

“मग?” काकूंनी विचारलं. “राहिली?”

“राहिली. आत्तापुरती.”

“बरं झालं. आणि ती खुर्ची?”

“आहे म्हणाले. रिकामीच आहे.”

काकूंनी फडकं बादलीत बुडवलं आणि मान वर न करता म्हटलं, “मग तू जाऊन बस की तिच्यावर. इतकी आवडली आहे तर.”

आई मोठ्यानं हसली. काकूही हसल्या. मग काकू पुसत पुसत दारापर्यंत गेल्या, तरी आई होती तिथेच बसून होती. फडकं हातात होतं. ते पिळायचं राहिलं होतं, आणि त्यातलं पाणी तिच्या मनगटावरून पुसलेल्या फरशीवर ओघळत होतं.